मांजराचं सुतक

मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारणाऱ्यासाठी प्रायश्चित्त सांगितलं आहे. मुंगूस, बेडूक, कुत्रा, घोरपड, घुबड, कावळा या मंडळींच्या रांगेत मांजराचंही नाव आहे. लोकांनी हे प्रकरण आणखी कडक केलं. आपल्या हातून मांजर मेलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यायचं, असं आजही घरातली जुनी माणसं सांगतात. स्कूटरच्या चाकाखाली मांजर येता येता वाचलं, तरी पहिला विषय काशीचा निघतो. षष्ठीदेवीचं वाहन मांजर, आणि षष्ठी म्हणजे आपली सटवाई, लेकराबाळांच्या कपाळी लिहिणारी. तिच्या वाहनाशी वाकडं कोण घेणार?

पण चौदा-पंधरा वर्षं घरात वावरलेलं, पोराच्या दहावीच्या पुस्तकांवर झोपलेलं, आजोबांच्या आरामखुर्चीवर हक्क सांगणारं मांजर म्हातारपणानं किंवा आजारानं गेलं, तर काय करायचं याबद्दल सगळी परंपरा गप्प आहे. सुतक नाही, दहावा नाही, कोणी भेटायला येत नाही. सोसायटीच्या ग्रुपवर कोणाच्या मावशीच्या दिराच्या निधनाला चाळीस जण हात जोडतात. मांजराबद्दल लिहायचं की नाही, याचाच विचार माणूस दोन दिवस करतो. मारल्याचं पाप मोजून ठेवलेलं आहे, मेल्याच्या दुःखाला मात्र खातं नाही. हा लेख त्या बिनखात्याच्या दुःखाचा आहे. अभ्यासकांनी त्याबद्दल काय काढलं, जनावरांचे डॉक्टर काय सांगतात, कोणत्या सल्ल्यात तथ्य आहे आणि कोणता नुसता गोड आहे, हे पाहू.

आधी हे दुःख किती मोठं असतं ते. अमेरिकेत रोबेल आणि डाय या दोघांनी २००३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. पाळीव प्राणी गमावलेल्या १७४ प्रौढांना त्यांनी विचारलं. सुरुवातीला शोकाचं एक तरी लक्षण असलेले ८५.७ टक्के होते. सहा महिन्यांनी ते प्रमाण ३५.१ टक्क्यांवर आलं आणि वर्षानं २२.४ टक्क्यांवर. त्याआधी २००० मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात चौदा दवाखान्यांच्या १७७ ग्राहकांचा अभ्यास झाला होता. त्यात सुमारे तीस टक्के लोकांचं दुःख तीव्र निघालं, आणि जवळजवळ निम्म्यांना वाटत होतं की आपलं दुःख समाजाच्या लेखी दुःखच नाही. अशा पाहण्यांना उत्तरं देणारे लोक मुळात जीव लावणारेच असतात, त्यामुळे आकडे थोडे हात राखून वाचावेत. तरी त्यांतून दोन गोष्टी निघतात. बहुतेकांचं दुःख वर्षाच्या आत बरंच निवळतं, हा धीर आहे. पाचातल्या एकाचं निवळत नाही, हेही त्याच आकड्यात आहे.

समाजाच्या लेखी नसलेल्या या दुःखाचा अभ्यास केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकानं १९८९ मध्ये नीट मांडला. ज्या नुकसानीबद्दल उघड शोक करायला, सांत्वन मागायला समाज परवानगी देत नाही, ते दुःख माणूस आतल्या आत कुढत काढतो, आणि कुढल्यानं ते लांबतं. त्यानं दिलेली उदाहरणं माणसांचीही आहेत: घटस्फोटित जोडीदार, गर्भपात, लपवलेलं नातं. प्राणी त्याच रांगेत बसतात. आपल्याकडे हे कसं घडतं ते सगळ्यांना माहीत आहे. ऑफिसात रजा मागताना माणूस ‘तब्येत बरी नाही’ असं सांगतो. डोळे सुजलेले दिसले तर ‘घरी जरा...’ एवढंच म्हणतो. कळलंच कोणाला, तर ‘अरे, मांजरच ना? दुसरं आण की’ हे वाक्य ठरलेलं. बोलणारा दुष्ट नसतो. त्यानं मांजर पाळलेलं नसतं, एवढंच.

दुसरी बोच घरातलीच असते. सख्ख्या काकांच्या वेळी डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस मांजरासाठी हुंदके देतो आणि मग स्वतःलाच खातो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मी म्हणेन. काका वर्षातून दोनदा भेटत होते, मांजर दिवसातून वीसदा. पहाटे साडेपाचला तोंडावर पंजा, दूध तापवताना पायात पायात येणं, आंघोळीला गेलेल्या माणसासाठी दाराबाहेर ठाण मांडणं, संध्याकाळी कुलपाचा आवाज ओळखून उंबऱ्याशी येऊन बसणं. नात्याचा मान आणि सहवासाचे तास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि शरीराला दुसरी कळते.

म्हणूनच इथे शोकाच्या ‘पाच पायऱ्या’ फारशा कामाला येत नाहीत. एलिझाबेथ क्युबलर-रॉस यांचं १९६९ चं ते गाजलेलं पुस्तक मुळात मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांच्या मुलाखतींवर उभं आहे. पुढे लोकांनी त्या पायऱ्या मागे राहिलेल्यांना लावल्या आणि आता त्या ब्रेकअपपासून नोकरी जाण्यापर्यंत सगळ्याला लावतात. मला त्यापेक्षा मार्गारेट स्ट्रोबे आणि हेंक शुट या नेदरलँड्समधल्या दोघांनी १९९९ मध्ये मांडलेलं पटतं. त्यांच्या मते दुःखात माणूस दोन टोकांत हेलकावे खातो. एका टोकाला गेलेल्याची आठवण, रडणं, फोटो पाहणं असतं. दुसऱ्या टोकाला बदललेल्या दिवसाची नवी घडी बसवणं असतं. या दोहोंत जाणं-येणं चालू राहावं. एकाच टोकाला अडकणं वाईट. मांजराच्या बाबतीत दुसरं टोक फार जड असतं. माणूस गेल्यावर घरात पाहुणे असतात, विधी असतात, कागदपत्रं असतात. मांजर गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला जाग येते आणि करायला काहीच नसतं. त्या वेळेला काहीतरी द्या, हा मला सगळ्यांत उपयोगी सल्ला वाटतो. फिरायला जा, रेडिओ लावा, खालच्या पार्किंगमधल्या मांजरांना खाऊ घाला. वाडगी, वाळूचा ट्रे, खेळणी कधी उचलायची याला नियम नाही. कोणी त्याच संध्याकाळी सगळं धुऊन देऊन टाकतं, कोणी सहा महिने वाटी हलवू देत नाही. एकाच घरात दोन तऱ्हेची माणसं असली तर भांडण त्या वाटीवरूनच पेटतं, तेव्हा ती उचलण्याआधी एकमेकांना विचारलेलं बरं.

मांजराचा शोक उघडपणे करणारे लोक जगात होऊन गेले आहेत. हिरोडोटस लिहितो की इजिप्तमध्ये घरातलं मांजर आपल्या मरणानं मेलं तर घरातली माणसं भुवया भादरत. कुत्रा मेला तर डोकं आणि सगळं अंग. मेलेली मांजरं मसाले भरून बुबास्तिस शहरी नेत, बास्तेत देवीच्या गावी. एवढं वाचून इजिप्तच्या प्रेमात पडायच्या आधी पुढचंही ऐकून ठेवावं. सापडलेल्या ममींच्या क्ष-किरण तपासणीत पुष्कळ मांजरं कोवळ्या वयाची आणि मान मोडलेली निघाली, म्हणजे नवस फेडणाऱ्यांना विकण्यासाठी पैदास करून मारलेली. त्यांतल्या सुमारे एक लाख ऐंशी हजार ममी १८९० मध्ये जहाजानं लिव्हरपूलला गेल्या आणि शेतात खत म्हणून विकल्या गेल्या.

युरोपच्या साहित्यात मांजराचं मरण बराच काळ थट्टेचा विषय होता. होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाची मांजरी सेलिमा सोनेरी मासे ठेवलेल्या भांड्यात बुडून मेली, तेव्हा त्याचा मित्र थॉमस ग्रे यानं १७४७ मध्ये तिच्यावर एक विलापिका लिहिली, अर्थात विडंबनाची. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी मला जास्त जवळचा वाटतो. ज्या मांजरावरून त्यानं ‘मी एक मांजर आहे’ लिहिली, ते सप्टेंबर १९०८ मध्ये मेलं. सोसेकीनं शिष्यांना रीतसर मृत्युपत्रिका पाठवल्या: मांजर बरेच दिवस आजारी होतं, काल रात्री मागच्या पडवीतल्या चुलीवर गेलं, यजमान कादंबरी लिहिण्यात गुंतले असल्यानं अंत्यविधीला येण्याची तसदी घेऊ नये. विनोद आहे, पण पत्रिका काढलीच. पुढल्या वर्षीच्या एका छोट्या लेखात त्यानं खरं काय ते सांगून टाकलं. मांजर खंगत होतं तेव्हा घरात कोणी फारसं लक्ष दिलं नव्हतं. गेल्यावर मात्र बायकोनं थडग्यासाठी लाकडी फळी आणवली, मुलांनी फुलं वाहिली, आणि दर महिन्याच्या तिथीला साल्मन माशाचा तुकडा आणि भात ठेवायची चाल पडली.

आधी दुर्लक्ष आणि मग नैवेद्य. यात जी अपराधाची भावना आहे, तिच्यावर मी या लेखात जास्त रेंगाळणार आहे, कारण मांजरवाल्यांच्या दुःखात तिचा वाटा सगळ्यांत मोठा. ‘मला आधी कळायला हवं होतं’ हे वाक्य प्रत्येक जण म्हणतो. खरं तर कळणं कठीणच असतं. मांजर हे एकटं शिकार करणारं छोटं जनावर, आणि स्वतःही मोठ्या जनावरांचं भक्ष्य. दुबळेपणा दाखवणं त्याला परवडत नाही, म्हणून ते दुखणं लपवतं. म्हाताऱ्या मांजरांना मूत्रपिंडाचा आजार फार होतो, आणि मूत्रपिंडाचा साधारण दोन-तृतीयांश भाग निकामी होईपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही. पाणी जास्त पितंय, लघवी जास्त होतेय, अंग उतरलंय, हे लक्षात येईस्तोवर आजार पुढे गेलेला असतो. मांजरांच्या हृदयविकारांत हृदयाचे स्नायू जाड होण्याचा विकार सर्वांत जास्त आढळतो, आणि काही मांजरांत त्याचं पहिलं लक्षण म्हणजे अचानक मृत्यू. बोक्याची लघवी तुंबली तर दोन-तीन दिवसांत खेळ आटोपतो. पहिल्या दिवशी तो नुसता वाळूत बसून राहिलेला दिसतो, आणि घरच्यांना वाटतं बद्धकोष्ठ झालं असेल.

दुखणं चेहऱ्यावरून ओळखण्याची एक रीत माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ मध्ये तयार केली. कानांची ठेवण, डोळे किती मिटलेले, नाका-तोंडाकडचा ताण, मिशा, आणि खांद्यांच्या मानानं डोकं किती खाली, असे पाच मुद्दे, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. घरात अजून मांजर असेल त्यांनी ही रीत जरूर शिकावी. ज्यांचं गेलं, त्यांना तिचा उपयोग एवढाच की हे शास्त्राला नीट मांडायलाही २०१९ उजाडावं लागलं.

अपराधाचा एक नवा प्रकार गेल्या काही वर्षांत आला आहे. एफआयपी हा कोवळ्या मांजरांना होणारा विषाणूजन्य आजार पूर्वी जवळजवळ हमखास जीव घ्यायचा. डॉक्टर हात वर करायचे, आणि त्यात एक क्रूर सुटका होती. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नील्स पेडरसन यांनी जीएस-४४१५२४ या औषधानं ३१ पैकी बहुतेक मांजरं बरी झाल्याचं प्रसिद्ध केलं. आता उपाय आहे, पण बारा आठवडे रोज, वजनाच्या हिशेबानं, आणि महाग. पगारात ते न बसलेल्या माणसाला ‘काहीच करता आलं नाही’ असं म्हणता येत नाही, ‘मी केलं नाही’ असं म्हणावं लागतं. उपचार वाढतात तसा पश्चात्तापही वाढतो. यावर मला एकच उत्तर सुचतं, आणि ते रुक्ष आहे: घराची ऐपत ही आजाराइतकीच खरी गोष्ट आहे, आणि तिची शिक्षा कोणी स्वतःला देऊ नये. जिथे हातून खरंच चूक झाली, तिथे मात्र ‘तुझा काही दोष नाही’ हे सांत्वन पोकळ ठरतं. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉल दिली आणि मांजर गेलं, असं घडतं. एक गोळीही त्याला पुरते. अशा माणसाला खोटी माफी पचत नाही. चार लोकांना ही गोष्ट सांगून पुढची चार मांजरं वाचवणं पचतं.

मग येतो सुईचा प्रश्न. डॉक्टर म्हणतात, ‘आता झोपवूया.’ कोकणात, विदर्भात, वारकरी घरांत, जैन-गुजराती शेजारात या वाक्यानं घर दुभंगतं. जीव आपण दिला नाही, घेणारे आपण कोण? हा वाद जुना आहे, आणि आपल्याकडे तो एकदा फार मोठ्या माणसाच्या अंगणात झाला. १९२८ मध्ये साबरमती आश्रमात एक वासरू असह्य वेदनेत तळमळत होतं, उपचार संपले होते. गांधीजींनी डॉक्टरकडून त्याला विषारी इंजेक्शन देववलं आणि त्याबद्दल ‘नवजीवन’ आणि ‘यंग इंडिया’त लिहिलं. संतापाच्या पत्रांचा पाऊस पडला. त्यांनी प्रश्नाचं टोक फिरवलं: ज्याच्या वेदनेवर आपल्याकडे काही उपाय उरलेला नाही, त्याला तसंच तळमळत ठेवण्यात अहिंसा कुठे आहे? हे सगळ्यांनी मान्य करावं असा माझा आग्रह नाही. पण ज्यांनी सुई द्यायला हो म्हटलं आणि आता ‘आपण मारलं’ या विचारानं झोपत नाहीत, त्यांनी हा प्रसंग वाचावा.

निर्णय घ्यायला मदत व्हावी म्हणून अ‍ॅलिस व्हिलालोबोस या अमेरिकन पशुवैद्य बाईंनी एक मोजपट्टी केली. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा सात गोष्टींना दहापैकी गुण द्यायचे. बेरीज पस्तिसाच्या वर असेल तर सांभाळत राहावं. गुणांनी प्रश्न सुटत नाही, पण आठवडाभर रोज कॅलेंडरवर गुण लिहिले तर उतरती रेघ दिसते, आणि एका वाईट रात्री घाबरून घेतलेला निर्णय टळतो. प्रत्यक्ष प्रक्रियेबद्दल आधी कोणी सांगत नाही, म्हणून सांगतो. आधी गुंगीचं औषध देतात, मग भूल देणाऱ्या औषधाची जबर मात्रा शिरेतून. हृदय थोड्याच वेळात थांबतं. डोळे उघडेच राहतात. नंतर एखादा श्वास घेतल्यासारखी छाती हलते किंवा अंग फडफडतं; तो स्नायूंचा खेळ आहे, जीव परत आलेला नसतो. हे ठाऊक नसलेली माणसं वर्षानुवर्षं ‘ती शेवटी माझ्याकडे बघत होती’ म्हणून रडत राहतात.

परत न आलेल्या मांजराचं दुःख वेगळं. ‘मांजर मरायला घर सोडून जातं’ अशी आपल्याकडे ठाम समजूत आहे. आजारी मांजर अंधाऱ्या, शांत जागी दडून बसतं, हे खरं. तिथून उठता आलं नाही की तिथेच मरतं. मरायचं ठरवून ते निघतं असं मानायला काही आधार नाही. पण ही समजूत घरच्यांना एक शेवट देते, आणि म्हणून ती टिकली असावी. जिथे शेवटच कळत नाही अशा नुकसानीवर पॉलिन बॉस यांनी आयुष्यभर काम केलं. बेपत्ता सैनिकांच्या कुटुंबांपासून त्यांनी सुरुवात केली होती. अशी माणसं ना धड शोक करू शकतात, ना आशा सोडू शकतात. मांजरांच्या बाबतीत याचं सर्वांत हृदयद्रावक उदाहरण सोसेकीच्याच शिष्याचं आहे. उचिदा ह्याक्केन हा विक्षिप्त, खवय्या, मिश्किल लेखक. १९५७ च्या मार्चमध्ये त्याचं नोरा नावाचं मांजर बागेतून गेलं ते गेलंच. साठी उलटलेल्या या माणसानं वर्तमानपत्रात जाहिराती दिल्या, हजारो पत्रकं वाटली आणि महिनोन्‌महिने रडत राहिला. पुढे कुर्त्सु नावाचं दुसरं मांजर आलं, नोरासारखंच दिसणारं. त्यालाही त्यानं जीव लावला, पण नोराची वाट पाहणं थांबवलं नाही. अकिरा कुरोसावांचा शेवटचा चित्रपट ‘मादादायो’ या ह्याक्केनवरच आहे, आणि मांजराचा शोध त्यात मोठी जागा घेतो. दरवाजा किती दिवस उघडा ठेवायचा? पहिले काही आठवडे कसून शोधावं, शेजारच्या बंद गाळ्यांत, जिन्याखाली, गच्चीवरच्या टाकीमागे, आणि रात्री, शांततेत. त्यानंतर एक दिवस ठरवून निरोप द्यावा. परत आलंच तर निरोप मोडल्याबद्दल कोणी रागावणार नाही.

देहाचं काय करायचं, हा शहरात खरा पेच आहे. गावाकडे परसात, केळीच्या किंवा नारळाच्या बुंध्याशी खड्डा खणला की झालं. तिसऱ्या मजल्यावरच्या माणसाकडे कुंडीएवढी माती असते. मुंबई महापालिकेनं २०२३ मध्ये मालाडला लहान प्राण्यांसाठी गॅसवर चालणारी दहनभट्टी सुरू केली, आणि मोठ्या शहरांत खासगी सेवाही आहेत. दवाखान्यातूनच फोन नंबर मिळतो. तो मांजर आजारी असतानाच लिहून ठेवणं अभद्र वाटतं, पण रात्री दोन वाजता टॉवेलात गुंडाळलेला देह घेऊन नंबर शोधणं त्याहून वाईट. पुरायचं असेल तर निदान तीन फूट खोल, विहिरीपासून दूर. सुई दिली असेल तर खोली आणखी महत्त्वाची, कारण पेंटोबार्बिटलसारखं औषध देहात टिकतं आणि उकरून खाणारा कुत्राही मरू शकतो. विधी हवा असेल त्यांनी तो करावा. कोणी पणती लावतात, कोणी त्या दिवशी भटक्या मांजरांना मासळी घालतात, कोणी फोटो छापून भिंतीवर लावतात. शेजारी हसतील. सोसेकीचेही हसले असतील.

मुलांना काय सांगायचं, यावर मतं थोडी आणि स्पष्ट आहेत. ‘देवाघरी गेली’ आणि ‘झोपली’ यांतलं दुसरं टाळावं, कारण चार-पाच वर्षांच्या मुलाला मग रात्री झोपायची भीती वाटते. मेलेलं परत येत नाही, त्याला भूक लागत नाही, दुखत नाही, हे मुलांना साधारण पाच ते सात या वयात समजू लागतं. तोवर तोच प्रश्न दहादा येणार, आणि दहादा तेच साधं उत्तर द्यायचं. ज्युडिथ व्हिऑर्स्ट यांच्या १९७१ च्या एका छोट्या पुस्तकात बार्नी नावाचं मांजर मेलेल्या मुलाला आई सांगते की दफनाच्या वेळी म्हणायला त्याच्या दहा चांगल्या गोष्टी आठव. मुलाला नऊच सुचतात. दहावी त्याला बापाबरोबर बागेत काम करताना सापडते. ही युक्ती आपल्या घरीही चालते, मोठ्यांनाही. मात्र मूल शाळेत असताना गुपचूप देह हलवून ‘पळून गेली’ म्हणून सांगणं, हा जो सोयीचा मार्ग पुष्कळ आईबाप घेतात, त्यानं मुलाला शोकाऐवजी वाट पाहणं मिळतं. ह्याक्केनचं दुःख सहा वर्षांच्या पोराला कशाला द्यायचं?

परदेशी गेलेल्या मुलांची गोष्ट थोडी वेगळी. मांजर कॉलेजातल्या मुलीनं आणलेलं असतं. ती शिकायला जर्मनीला किंवा अमेरिकेला जाते आणि मांजर नागपूरच्या, साताऱ्याच्या आईबापांकडे राहतं. आधी कटकट वाटणारं ते हळूहळू त्यांचंच लेकरू होतं. ते गेलं की परीक्षा संपेपर्यंत मुलीला सांगायचं नाही असं ठरतं, आणि रोजच्या व्हिडिओ कॉलवर ‘दाखव ना तिला’ म्हटलं की ‘झोपलीय’ असं उत्तर जातं. काळजीपोटी केलेली ही लपवाछपवी पुढे फार बोचते. त्याच दिवशी सांगितलेलं बरं.

घरातल्या दुसऱ्या मांजराला दुःख होतं का? मिशिगनमधल्या ओकलंड विद्यापीठाच्या ब्रिटनी ग्रीन आणि जेनिफर व्हॉन्क यांनी २०२४ मध्ये ४१२ मांजरवाल्यांकडून माहिती घेतली. सोबती गेल्यावर मागे राहिलेल्या मांजरांची झोप, खाणं, खेळणं कमी झाल्याचं मालकांनी सांगितलं, सोबती कुत्रा असला तरीही. मालकच दुःखात असल्यानं त्याला मांजरही दुःखी दिसत असेल, ही शंका खुद्द अभ्यासकांनीच नोंदवली आहे. घरात करायचं एवढंच: खाण्याच्या वेळा बदलू नयेत, आणि दोन दिवस खाल्लं नाही तर दुःख समजून थांबू नये, डॉक्टरकडे न्यावं. उपाशी मांजराचं यकृत लवकर बिघडतं.

नवं मांजर कधी आणायचं, यावर ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. चार्टवेलला, चर्चिलच्या घरी, त्याच्या जॉक या पांढऱ्या छातीच्या नारिंगी बोक्याच्या नावानं आणि वर्णानं एकामागून एक बोके ठेवण्याची प्रथा आहे. म्युझियमला ते शोभतं. घरात तसंच मांजर, तेच नाव, असं करू नये. टेक्सासमध्ये २००१ च्या डिसेंबरात जगातलं पहिलं क्लोन मांजर जन्माला आलं, सीसी नावाचं. रेनबो या तिरंगी मांजरीची ती हुबेहूब जनुकीय नक्कल, पण अंगावरचे ठिपके वेगळेच निघाले, कारण तिरंगी मांजरीचे रंग गर्भात नशिबानं ठरतात. तेच मांजर परत मिळणं विज्ञानालाही जमलं नाही. एका बाबतीत मात्र कॅलेंडर पाहावंच लागतं. आधीचं मांजर पॅनल्युकोपेनियानं, ज्याला दवाखान्यात मांजराचा पार्वो म्हणतात, गेलं असेल, तर तो विषाणू घरात वर्षभरही टिकू शकतो. फरशा ब्लीचनं धुतल्या तरी गादी-सोफ्यात तो राहतो. लस न टोचलेलं पिल्लू अशा घरात आणणं म्हणजे दुसरा शोक ओढवून घेणं.

हे दुःख कधी आजार होतं? अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०२२ च्या यादीत लांबलेल्या शोकाचा विकार आला, पण त्यासाठी मृत व्यक्ती माणूस असावी लागते. मांजर त्यात बसत नाही. तरीही झोप, जेवण, काम महिनोन्‌महिने उलटंपालटं असेल, किंवा जगण्यातच अर्थ नाही असं वाटू लागलं असेल, तर सरकारच्या टेलिमानसला १४४१६ वर मराठीत बोलता येतं. तिथे ‘कशामुळे?’ विचारलं तर ‘मांजर गेलं’ असं सरळ सांगावं.

आणि एकटी राहणारी म्हातारी माणसं. पती गेल्यानंतर दहा वर्षं ज्या बाईच्या अंथरुणात रात्री एक मांजर होतं, तिला ‘दुसरं आणा’ म्हटलं की ती म्हणते, ‘माझ्यामागे त्याचं कोण करणार?’ हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, हिशेबानं सोडवण्यासारखा आहे. घरात वाढलेलं मांजर पंधरा वर्षं सहज जगतं, तेव्हा सत्तरीत पिल्लू आणू नये हे खरंच. आठ-नऊ वर्षांचं मांजर आणावं. प्राणिसंस्थांकडून पिल्लं लगेच जातात आणि ही मागे राहतात. आपल्यामागे ते कोणाकडे जाईल त्या माणसाला आधी विचारून त्याचं नाव, डॉक्टरांचा नंबर आणि खाण्याची सवय एका कागदावर लिहून तो फ्रीजच्या दारावर लावावा. आणि मांजर घरी आणण्याआधी त्याचं रक्त तपासून मूत्रपिंडं कशी आहेत ते पाहून घ्यावं.